वापरलेल्या पाण्यावर, सावलीच्या जागेत उंच फुलझाडे

लातूरच्या माणसाला फुलझाडांविषयी काही सांगायचे म्हणजे आधी पाण्याचा हिशेब द्यावा लागतो. मांजरा धरण आटल्यामुळे २०१६ साली या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. १२ एप्रिल २०१६ रोजी पहिली गाडी आली. तिच्या दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी होते. पुढे पन्नास वाघिणींची गाडी एका खेपेत पंचवीस लाख लिटर आणू लागली. ज्या गावाने हे दिवस पाहिले, त्या गावात फुलांसाठी नळाचे चांगले पाणी मागणे कोणालाच शोभणार नाही.

म्हणून या लेखात फक्त एकदा वापरून झालेल्या पाण्याचा विचार केला आहे. असे पाणी प्रत्येक घरामागे, प्रत्येक दुकानाच्या बोळात रोज सांडते. नहाणीचे पाणी, हात धुण्याच्या बेसिनचे पाणी, भाजी-तांदूळ धुतल्याचे पाणी, मस्जिदीच्या वुजूखान्याचे पाणी. ते जिथे जाते तिथे बहुधा ऊन पोचत नाही. जमिनीवर शेवाळ धरते, डास होतात, भिंतीचे पोपडे निघतात.

आम्हा कापडवाल्यांना ही ओल चांगलीच ठाऊक आहे. गोदामाच्या मागच्या भिंतीला ओल चढली की सर्वांत खालच्या थप्पीला बुरशीचे ठिपके पडतात. डाग पडलेला तागा कधीही पूर्ण भावात जात नाही. ओल थांबवायची म्हणून काही जण सगळा बोळ सिमेंटने बंद करतात. मग ते पाणी शेजाऱ्याच्या भिंतीत जाते आणि भांडण आपल्या दारात येते.

मराठवाड्याला पाण्याकडून दोन कामे करून घेण्याची जुनी सवय आहे. औरंगाबादची (आताचे छत्रपती संभाजीनगर) पाणचक्की पाहिली असेल. लांबून नळाने आणलेले पाणी उंचावरून हौदात पडते आणि पडता पडता जाते फिरवते. त्या जात्यावर दर्ग्यातील मुसाफिर व शिकणाऱ्यांसाठी पीठ दळले जात असे. पाणी पिण्यालाही आले आणि दळणालाही. आपल्या मोरीच्या पाण्याकडे त्याच नजरेने पाहावे. त्याचे पहिले काम झाले आहे, दुसरे काम आपण द्यायचे आहे.

हे दुसरे काम म्हणजे ओल आणि सावली दोन्ही आवडणारी, पुरुषभर उंच होणारी, वर्षानुवर्षे टिकणारी फुलझाडे. त्यांची पाच-सहा नावे, लावण्याची रीत आणि त्यातून होणारा थोडाफार धंदा क्रमाने पाहू.

जागा म्हणजे गिऱ्हाईक

दुकानात गिऱ्हाईक आले की आपण आधी त्याला ओळखतो, मग माल दाखवतो. बागेत जागा हे गिऱ्हाईक आहे. पुष्कळ लोक बाजारातून आवडेल ते रोप आणतात आणि मोकळी दिसेल तिथे लावतात. मोगरा, गुलाब, निशिगंध, झेंडू ही सर्व उन्हाची झाडे आहेत. ती सावलीत लावली तर पाने येतात, फुले येत नाहीत. मग दोष खताला किंवा रोपवाल्याला दिला जातो.

सावली तीन प्रकारची असते. एक दिवस घड्याळ लावून पाहा.

पहिली, सकाळची तीन-चार तास ऊन आणि नंतर सावली. पूर्वेकडे उघडी असलेली जागा अशी असते. फुलांसाठी हीच सर्वांत चांगली.

दुसरी, थेट ऊन नाही किंवा तासभरच आहे, पण वर आभाळ उघडे आहे आणि उजेड भरपूर. इथेही काही झाडे फुलतात.

तिसरी, दोन उंच भिंतींमधील अंधारा बोळ. इथे फुलांची आशा धरू नये. अळू किंवा नेचे लावून समाधान मानावे.

पश्चिमेच्या उन्हाची खबरदारी घ्या. दुपारी तीननंतरचे मे महिन्यातील ऊन आणि गरम वारा या रुंद पानांच्या झाडांना भाजून काढतो. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. उत्तरेची भिंत म्हणजे बारमाही सावली असे आपण समजतो. पण लातूर साधारण १८.४ अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथे मेच्या मध्याला सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि जुलैअखेर पुन्हा येतो. मधल्या अडीच महिन्यांत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो. म्हणजे उत्तरेच्या भिंतीलाही त्या काळात ऊन लागते. मेमध्ये तिथे कोवळी रोपे असतील तर हिरवी जाळी किंवा जुने बारदान वर ताणावे. पाऊस सुरू होऊन आभाळ भरले की काढून टाकावे.

आता ओल पाहा. फूटभर खोल व फूटभर रुंद खड्डा करून त्यात पाणी भरा. दोन-चार तासांत जिरले तर जमीन चांगली. दुसऱ्या दिवशी सकाळीही पाणी दिसले तर जागा तुंबणारी आहे. आपल्या काळ्या मातीत बहुतेक वेळा दुसरा प्रकारच निघतो. ही माती भिजली की फुगते आणि सुकली की भेगाळते. तिच्यावर इलाज आहे, तो पुढे येईल.

कोणते पाणी चालेल, कोणते नाही

वुजूखान्याचे पाणी सर्वांत उत्तम. त्यात साबण फारसा नसतो, तेलही नसते. वुजूचे वापरलेले पाणी नालीच्या घाणीत जाऊ नये असे पुष्कळांना मनातून वाटते. झाडांना दिल्याने तीही इच्छा पुरी होते. भाजी, तांदूळ, डाळ धुतल्याचे पाणी चांगले. नहाणीचे साधे पाणी चालते.

कपडे धुण्याच्या पावडरचे पहिले फेसाळ पाणी देऊ नये, खळबळून काढल्याचे शेवटचे पाणी द्यावे. फिनेल, ब्लिचिंग पावडर, ॲसिड याचा एक थेंबही नको. संडासाचे पाणी या वाफ्याकडे वळवू नये. रंगारी बांधवांनी कढईचे आणि रंग धुतल्याचे पाणी पूर्ण वेगळे ठेवावे, कारण त्यात मीठ आणि रसायने असतात. पाणी शुद्ध करण्याच्या आर.ओ. यंत्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात क्षार जास्त असतात. ते एकटे रोज दिले तर पानांच्या कडा करपतात. खोल बोअरचे जड पाणी दिल्यावरही हेच होते.

पाणी किती लागते याचा हिशेब करू. दहा फूट लांब, चार फूट रुंद वाफा म्हणजे चाळीस चौरस फूट, म्हणजेच पावणेचार चौरस मीटर. सावलीतील दाट झाडे उन्हाळ्यात चौरस मीटरला रोज साधारण पाच लिटर पाणी पितात असे धरा. म्हणजे या वाफ्याला रोज अठरा-वीस लिटर पाणी हवे. ही एक मोठी बादली झाली. पाच माणसांच्या घरातील आंघोळीचे पाणी याच्या कितीतरी पट असते.

म्हणून सगळे पाणी एका वाफ्यात सोडणे हा जाणकाराचा मार्ग नाही. मस्जिदीत दिवसभरात दोनशे वुजू झाले आणि प्रत्येकी तीन लिटर धरले, तर सहाशे लिटर होतात. एवढे पाणी पिण्यास एकशेवीस चौरस मीटर बाग लागेल. पाइपाला तिठा बसवून एक वाट वाफ्याकडे आणि दुसरी शोषखड्ड्याकडे न्यावी. पाणी कुठेही साचू देऊ नये. साचलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत डासांची नवी पिढी तयार होते. सकाळी सोडलेले पाणी संध्याकाळपर्यंत जमिनीत दिसेनासे झाले पाहिजे, हा सोपा नियम.

वाफा कसा करावा

भिंतीपासून तीन फूट सोडून वाफा घ्यावा आणि जमिनीचा उतार भिंतीच्या उलट बाजूला द्यावा. जुन्या घरांच्या भिंती दगड-मातीच्या आहेत. ओल लागली की मातीचा सांधा सैल होतो. १९९३ च्या ३० सप्टेंबरला किल्लारीच्या भूकंपात अशाच जाड दगड-मातीच्या भिंती माणसांवर कोसळल्या, हे आपल्या जिल्ह्यात कोणाला सांगावे लागत नाही. फुलांच्या हौसेने पाया भिजवू नये.

दीड फूट खोल खणावे. तळाला चार-पाच इंच खडी किंवा विटांचे तुकडे टाकावेत. वरच्या भरणीत काळी माती एक भाग, मुरूम किंवा जाड वाळू एक भाग आणि चांगले कुजलेले शेणखत किंवा लेंडीखत एक भाग घ्यावा. घरी शेळ्या असतील तर खत विकत घेण्याची गरज नाही, फक्त लेंड्या चार-सहा महिने कुजू द्याव्यात. जागा तुंबणारी असेल तर वाफा जमिनीपेक्षा सहा ते आठ इंच उंच ठेवावा.

पाइप जिथे उघडतो तिथे दोन फुटांचा लहान खड्डा खडीने भरावा. साबणाचा मळ, केस, अन्नाचे कण तिथे अडतात. वर्षातून दोनदा ही खडी बाहेर काढून धुवावी. हे काम टाळले की वास येऊ लागतो आणि घरातील लोक सगळी बागच बंद करा म्हणतात.

पाच-सहा भरवशाची झाडे

१. सोनटक्का. या जागेचा खरा राजा हाच. हळद आणि आले यांचा हा भाऊबंद. जमिनीत आल्यासारखा कंद असतो आणि वर चार ते सहा फूट उंच पानांचे दांडे येतात. पावसाळ्याच्या मध्यापासून थंडी लागेपर्यंत शेंड्याला फुलपाखरासारखी पांढरी फुले येतात. फूल संध्याकाळकडे उमलते आणि रात्री अंगणभर सुगंध असतो. एक फूल दिवसभरच टिकते, पण एका कणसातून रोज नवी फुले निघत राहतात. सकाळचे दोन-तीन तास ऊन त्याला पुरते. दूर क्युबा देशात हे झाड इतके रुजले की तिथे त्याला राष्ट्रीय फुलाचा मान आहे.

उर्दूत आणि हिंदीत याच फुलाला गुलबकावली म्हणतात. उर्दू शाळेत शिकलेल्यांना तो किस्सा माहीत आहे. बादशाह जैनुल-मुलूकची दृष्टी जाते, शहजादा ताजुल-मुलूक बकावलीच्या बागेतील हौदातून फूल आणतो आणि बापाचे डोळे उघडतात. पंडित दयाशंकर नसीम यांनी 'गुलजार-ए-नसीम' मध्ये हीच कथा सांगितली. किस्सा सांगणाऱ्याने फूल हौदात ठेवले, ते या झाडाच्या स्वभावाला धरून आहे. मात्र या नावावरून काही ठिकाणी फुलाचा अर्क डोळ्यांत घालण्यासाठी विकला जातो. तो कोणीही घालू नये. मोतीबिंदूवर इलाज शस्त्रक्रियेचा आहे. डोळ्यांसाठी डॉक्टरकडे जावे आणि फूल अंगणात ठेवावे.

२. कर्दळ. सर्वांच्या ओळखीची. लाल, पिवळी, नारिंगी फुले आणि तीन ते सहा फूट उंची. मुळात ही अमेरिका खंडातील, पण आता आपलीच झाली आहे. तिचे पाय पाण्यात असले तरी चालते. म्हणूनच सांडपाणी मुळांतून गाळून साफ करण्याच्या वाफ्यांत कर्दळ मोठ्या प्रमाणावर लावतात. पाइपाच्या तोंडाजवळ पहिली ओळ तिचीच असावी. मात्र तिला किमान चार तास ऊन हवे, पूर्ण सावलीत नुसती पाने वाढतात. तिचे बी काळे, गोल आणि दगडासारखे टणक असते. त्याच्या मण्यांच्या तसबीह आणि माळाही करतात.

३. पेव. हे आपल्या जंगलातले झाड आहे. सह्याद्रीत पावसाळ्यात ओढ्याकाठी दिसते. दांडा जिन्यासारखा पिळत वर जातो, उंची चार ते सहा फूट. तांबड्या कणसातून कागदासारखी नाजूक पांढरी फुले निघतात. सावली त्याला सोनटक्क्याहूनही जास्त सोसते. थंडीत पाने वाळून झाड जमिनीत झोपते. ते मेले समजून जागा खणू नये. पावसाच्या तोंडावर पुन्हा फुटते.

४. हेलिकोनिया. केळीसारखी पाने आणि पक्ष्याच्या चोचीसारखे लाल-पिवळे तुरे. लग्नमंडपाच्या सजावटीत हे तुरे आता नेहमी दिसतात, कारण कापल्यावर पुष्कळ दिवस टिकतात. पण आपल्याकडच्या उन्हाळ्यातील कोरडा वारा त्याला सोसत नाही. चारही बाजूंनी आडोसा असेल तरच लावावे.

५. गुलबक्षी. उर्दूतील गुल-ए-अब्बास. उंची दोन-तीन फूट, म्हणून उंच झाडांच्या पुढे कडेला लावावी. हिचा कंद जमिनीत राहतो आणि दरवर्षी फुटतो. अर्धी सावली चालते, पण तुंबलेले पाणी चालत नाही. बी आणि मुळे विषारी आहेत, लहान मुलांना जपावे.

६. केवडा. याची मागणी अनेक जण करतात. अत्तरवाल्यांचा केवडा ओडिशातील गंजाम भागातून येतो. झाड ओलीचे आहे खरे, पण फार पसरते, पानांना काटे असतात आणि घरगुती बोळात सांभाळता येत नाही. मोकळी जमीन असेल त्यांनीच विचार करावा.

लागवड आणि वर्षाचे वेळापत्रक

आपल्या शेजारी वसमत भागात हळदीची मोठी शेती आहे. तिथल्या शेतकऱ्याला हे सारे समजावून सांगावे लागणार नाही, कारण सोनटक्का आणि पेव यांची रीत हळदीसारखीच आहे. फरक एवढाच की हळद दरवर्षी खणून काढतात आणि ही झाडे दोन-तीन वर्षे जागीच ठेवतात.

मे : वाफा तयार करून भरणी बसू द्यावी.

जून : मृगाचा चांगला पाऊस झाला की लागवड. प्रत्येक तुकड्याला किमान दोन जिवंत डोळे हवेत. तुकडा कापल्यावर एक दिवस सावलीत सुकू द्यावा, कापलेल्या जागी राख लावावी. दोन-तीन इंचांपेक्षा खोल पुरू नये, डोळा वर ठेवावा. दोन तुकड्यांत दोन फूट अंतर. चाळीस चौरस फुटांत दहा तुकडे बसतात.

जुलै : जमिनीवर उसाचे पाचट किंवा सोयाबीनचे भुसकट तीन इंच पसरावे. ओल टिकते आणि तण कमी होते.

ऑगस्ट ते ऑक्टोबर : फुलांचा काळ. सप्टेंबरमध्ये झाडामागे एक घमेले कुजलेले खत.

नोव्हेंबर-डिसेंबर : ज्या दांड्याला फूल येऊन गेले तो जमिनीलगत कापावा. केळीचे खोड एक घड देऊन संपते, तसेच या दांड्यांचे आहे. जुने दांडे ठेवल्यास नव्या फुटव्यांना जागा आणि उजेड मिळत नाही.

जानेवारी ते मे : पाणी कमी, फक्त जमीन पूर्ण कोरडी पडू द्यायची नाही. पेवाला तर जवळजवळ पाणीच नको.

उंच झाडाची निगा

उंच दांडा वाऱ्याने आणि फुलांच्या भाराने वाकतो. बांबूची काठी रोवून त्याला बांधावे. सुतळीने बांधू नये, ती ओली होऊन दांड्यात रुतते. शिंप्याच्या दुकानातील सुती कतरणीची दोन बोटे रुंद पट्टी घ्यावी आणि सैल आठचा आकडा करून बांधावी. शुद्ध सुती कतरण खताच्या खड्ड्यातही कुजते. पॉलिस्टर कुजत नाही, ती वेगळी काढावी. कोणते कापड कोणते, हे ओळखायला आपल्या बांधवांना दुसऱ्याला विचारावे लागत नाही.

गोगलगाय हा ओल्या सावलीचा मुख्य शत्रू आहे. २०२२ च्या पावसाळ्यात लातूर, बीड, उस्मानाबाद (आता धाराशिव) भागात शंखी गोगलगाईने सोयाबीनची कोवळी पिके फस्त केली. तीच गोगलगाय आपल्या वाफ्यातही येते. गाठीचे रिकामे बारदान गुळाच्या पाण्यात भिजवून संध्याकाळी वाफ्याकडेला पसरावे. रात्री गोगलगाई त्याखाली जमतात. सकाळी हातमोजे घालून वेचाव्यात आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकाव्यात. ते पाणी वाफ्यात ओतू नये. वाफ्याभोवती कोरड्या चुन्याची चार बोटांची पट्टीही कामी येते, मात्र पाऊस पडला की पुन्हा टाकावी लागते.

कर्दळीची पाने गुंडाळलेली दिसली तर आत अळी असते. पान उलगडून अळी काढली की झाले, घरगुती वाफ्याला औषध फवारण्याची गरज पडत नाही. आणि शेळ्यांना जाळीबाहेर ठेवावे. कर्दळीचे कोवळे पान त्यांना फार आवडते.

टंचाईचे वर्ष आले तर

२०१६ सारखे वर्ष पुन्हा आले तर काय, हा सवाल कोणीही विचारील. नळ महिन्यातून एकदा येऊ लागला की घरात वापरलेले पाणीही उरत नाही. इथेच कंदाच्या झाडांचा फायदा कळतो. गुलाब एका उन्हाळ्यात मरतो. सोनटक्का, कर्दळ, पेव यांची पाने वाळतात, पण कंद जमिनीत जिवंत राहतो. पाणी अगदीच बंद होणार असे दिसले तर फेब्रुवारी-मार्चमध्ये कंद खणावेत, माती झटकावी आणि हळदीच्या बेण्यासारखे किंचित ओलसर वाळूत सावलीला ठेवावेत. वाळू पंधरवड्यातून एकदा पाहावी. फार कोरडी असेल तर मूठभर पाणी शिंपडावे, बुरशी दिसली तर तो कंद बाजूला काढावा. पावसाबरोबर पुन्हा लागवड.

व्यापाऱ्याच्या भाषेत हे असे : माल विकला गेला नाही तरी भांडवल शाबूत आहे.

धंद्याचा हिशेब

या वाफ्यातून कोणी सावकार होणार नाही, हे आधीच सांगतो. पण चार हातांना काम मिळू शकते.

फुले : सोनटक्क्याच्या कळ्या संध्याकाळी उमलण्याआधी काढून ओल्या कपड्यात ठेवल्या तर दुसऱ्या दिवसाच्या गजऱ्याला चालतात. फूल नाजूक आहे, लांबच्या बाजाराला जात नाही. म्हणून गल्लीतील फुलवाला आणि घरी गजरे, सेहरे गुंफणाऱ्या भगिनी हेच याचे गिऱ्हाईक. लावण्याआधी त्यांच्याशी बोलून घ्यावे, फुले काढल्यानंतर बाजार शोधू नये.

कंद : खरा माल हा आहे. जोमदार बेटातून दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी आठ-दहा डोळेदार तुकडे सहज निघतात. दहा तुकड्यांचा वाफा असेल तर ऐंशी ते शंभर तुकडे होतात. स्वतःसाठी दहा ठेवून बाकीचे मेमध्ये काळ्या पिशव्यांत लावले तर जुलैत रोप म्हणून विकता येतात. खर्चात फक्त पिशवी, खत आणि मेहनत धरावी लागते. आपल्या गावातील रोपवाटिकेत भाव विचारून हा हिशेब प्रत्येकाने स्वतः मांडावा. नाव खात्रीचे सांगावे आणि फुटलेला तुकडाच द्यावा. मेलेला कंद विकणे आणि फाटलेला तागा घडी घालून विकणे, दोन्ही सारखेच.

कारागिरी : सर्वांत मोठी संधी इथे आहे. गवंडी आणि प्लंबर बांधव आज नहाणीचे पाणी सरळ नालीत सोडून देतात, कारण घरमालक तेवढेच मागतो. तिठा, खडीचा खड्डा, उतार आणि वाफा असे पूर्ण काम ठरलेल्या मजुरीत करून देणारा कारागीर मिळाला तर घरमालक पुढे येतील. त्याला ओल हटवून मिळते, कारागिराला एकाच घरी नळाबरोबर बांधकामाचेही काम मिळते. दोन-चार घरांत काम करून दाखवले की पुढची कामे तोंडी जाहिरातीने येतात.

मस्जिदीच्या वुजूखान्यामागे वाफा करायचा असेल तर आधी कमिटीची लेखी परवानगी घ्यावी. जागा वक्फची आहे. त्या जागेतील फुले किंवा कंद विकून जे येईल ते मस्जिदीच्या खात्यात जमा व्हावे आणि त्याची वही वेगळी ठेवावी. काम करणाऱ्याला ठरलेली मजुरी द्यावी. सुरुवातीला एवढे स्पष्ट ठेवले तर पुढे बोल लागत नाही.

सुरुवात कोठून करावी

सगळे एकदम करू नये. येत्या मेमध्ये एक वाफा, दहा बाय चारचा. पाइपाजवळ कर्दळीचे तीन तुकडे, मध्ये सोनटक्क्याचे पाच, सर्वांत सावलीच्या टोकाला पेवाचे दोन आणि पुढच्या कडेला, मातीची भर थोडी उंच करून, गुलबक्षीचे बी. एक वर्ष पाहावे. कोणते झाड किती फुलले, पाणी किती वेळात जिरले, भिंतीची ओल कमी झाली की वाढली, हे वहीत लिहावे. ओल वाढली असेल तर वाफा आणखी दूर न्यावा. सर्व ठीक असेल तर दुसऱ्या वर्षी त्याच बेटातून दुसरा वाफा करावा, त्याला कंद विकत घ्यावे लागणार नाहीत.

लातूरमध्ये पाणी विकत घ्यावे लागते. टँकरचे पैसे आपण रोख मोजतो आणि तेच पाणी एकदा वापरून नालीत सोडतो. दुकानात आपण कापडाचा शेवटचा तुकडाही फेकत नाही, त्याची टोपी होते, पिशवी होते, निदान गादीत भरला जातो. मोरीतून जाणाऱ्या पाण्याचाही असाच हिशेब ठेवला, तर घरामागच्या त्याच ओल्या कोपऱ्यात ऑगस्टपासून रोज संध्याकाळी सोनटक्का उमलेल, आणि गोदामातील खालची थप्पीही कोरडी राहील.